मनगटावरचा डबा

मला ती नोकरी एका पत्रकामुळे लागली आणि दुसऱ्या पत्रकापायी गेली. मधल्या काळात मी पनवेलला एका काचेच्या ऑफिसात बसून माणसांना त्यांच्याच आठवणी परत विकायचं काम करत होते.

आधी पहिल्या पत्रकाचं. आमचं गाव विमानतळाच्या जमिनीत गेलं. खारजमीन, मिठागराच्या कडेची घरं, गावदेवीचं देऊळ, सगळं. वस्ती उठवून पलीकडे नव्या वसाहतीत नेली. लोकांनी प्लॉटवर घरं बांधली, कुणी पोपटी रंगाची, कुणी गुलाबी, खांबांना टाइल्स लावलेली. बाहेरचा माणूस ती घरं बघतो आणि म्हणतो, मजेत आहेत की हे लोक! बरं, घरं मिळाली, मी नाही म्हणत नाही. मिळाला नाही तो माळ.

जुन्या गावात देवळासमोर माळ होता. होळी तिथं पेटायची, हळदी तिथं व्हायच्या, भांडणं तिथं लागायची आणि मिटायचीही तिथंच. नव्या वसाहतीच्या नकाशात देवळापुढं एक मोकळा तुकडा सोडलेला होता. त्यावर 'सार्वजनिक उपयोग' एवढंच लिहिलेलं. सार्वजनिक म्हणजे कोण आणि उपयोग म्हणजे कसला, ते कचेरी ठरवणार. तो तुकडा गावकीच्या नावानं करून द्या, म्हणून माझी आई कचेरीत जाऊन बसायची. तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "देवीला इकरं आनलीव ना? मंग तिचा आंगन कुठंय?" साहेब म्हणायचे, मावशी, प्रोसेसमध्ये आहे. आई घरी येऊन मला विचारायची, "ह्या प्रोसेस म्हंजे कुठला गाव?"

मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. आमच्या भागातलं पत्रक चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांपासून सुरू होतं, मग जमिनीवर येतं, मग मागण्यांवर, आणि शेवटी वाचणाऱ्याला झोपेतून उठवतं. वाचणारा बहुधा एसटी स्टँडवर उभाच असतो, पण उठवायची पद्धत आहे. माळावरचं माझं पत्रक असंच स्टँडच्या खांबावर चिकटवलेलं होतं. ते एका माणसानं वाचलं, फोटो काढला आणि खालच्या नंबरावर मला फोन केला.

हा आमचा संस्थापक. ऑफिस कोन गावाच्या बाजूला, द्रुतगती मार्गाकडं तोंड करून. न्हावा शेव्याच्या बंदराकडं जाणारे कंटेनर खालून गेले की काचा थरथरायच्या, आणि आत भिंतीवर लिहिलेलं, 'शांतता ही सवय आहे'. पहिल्याच भेटीत त्यानं सांगितलं, "आमच्याकडे सर-बिर नाही हं. मला दादा म्हणायचं."

"बरं, दादा."

"तुझं ते पॅम्फ्लेट वाचलं. किती नॉस्टॅल्जिया आहे गं तुझ्यात! एकदम रॉ."

"तो राग आहे," मी म्हटलं.

"तेच ते," दादा म्हणाला. "फक्त त्याला थोडं सॉफ्ट करायचं."

पत्रकावर पोट भरत नाही. मी नोकरी धरली. माझ्या टेबलावर पाटी आली, 'स्मरण-लेखिका'.

वस्तू अशी होती. मनगटावर बांधायचा एक रबरी पट्टा आणि फोनात त्याचं ॲप. माणूस बेचैन झाला की नाडी वाढते. पट्टा ती मोजतो, थरथरतो, आणि त्या माणसाच्या लहानपणातला एखादा आवाज हळूच वाजवतो. कडेच्या डबीतून वासाचा एक फवारा सोडतो. माणसाला जुने दिवस आठवतात, तो हळवा होतो, नाडी उतरते. ॲपवरचं लाल वर्तुळ हिरवं होतं आणि खाली ओळ येते. ती ओळ लिहिणं माझं काम. 'आज तुम्ही छान रमलात.' 'थोडं मागे वळून पाहिलंत, बरं केलंत.' अशा ओळी मी दिवसभर लिहायचे. चांगल्या लिहायचे, उगाच कशाला खोटं बोला.

बेचैन का झाला, हे मात्र पट्टा विचारत नसे. छप्पर गळत असेल, नोकरी गेली असेल, जमीन गेली असेल, पट्ट्याला सगळं सारखंच. मी एका मीटिंगमध्ये हे विचारलं, तेव्हा दादानं डोळे मिटून मान हलवली. "कारण आपल्या हातात नसतं. रिॲक्शन आपल्या हातात असते." मी म्हटलं, कारण ज्यांच्या हातात आहे त्यांच्या मनगटाला बांधूया का मग पट्टा? सगळे हसले. मी विनोदी आहे असं तिथं ठरून गेलं होतं. एकदा विनोदी ठरलं की काहीही बोलायला मोकळीक असते, कुणी ऐकत नाही.

पहिले आवाज आणि वास दादानं स्वतः निवडले. बैलगाडीची घुंगरं, कंदिलाचा वास, शेणानं सारवलेली जमीन. त्याचं स्वतःचं लहानपण पुण्यात एका बंगल्यात गेलेलं. कंदील त्यानं हॉटेलात टांगलेला पाहिला होता. मी सांगितलं, "दादा, कंदिलाच्या वासानं आमची काकी शांत नाय होणार. तिच्या सासूनं कंदिलाची काच फुटली म्हणून तिला दिवसभर उपाशी ठेवलेली." दादानं हे ऐकून लॅपटॉपवर एक नवीन चौकोन उघडला आणि त्यात लिहिलं, 'कॉम्प्लेक्स मेमरी'.

मग चाचणीसाठी माणसं हवी झाली. ज्यांचं काहीतरी गेलंय अशी. दादा माझ्याकडं बघायला लागला, मी समजले. वसाहतीतल्या बायकांना पट्टे वाटायचं ठरलं.

बायकांनी ते हौसेनं बांधले. फुकटचं घड्याळ, कोण सोडतो? काकीनं तर हिरव्या बांगड्यांच्या मधोमध बसवला. आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर आमची वसाहत लालभडक. एकही वर्तुळ हिरवं होईना. दादा घाबरला.

"काय चाललंय तिथं? दंगल झाली का?"

मी वेळ पाहिली. "मासळी आली असेल."

आमची माणसं प्रेमानं बोलली तरी समोरच्याला वाटतं, आता हाणामारी होणार. कोळणीशी घासाघीस, शेजारणीला हाक, नातवाचं कौतुक, सगळं एकाच पट्टीत, आणि ती पट्टी वरची. काकी उरण नाक्याच्या बाजारात बोंबलाचा वाटा बघून म्हणाली, "हे बोंबील हायत का तुज्या नवऱ्याच्या मिशा गो?" कोळीण म्हणाली, "मिशाच हायत. घे, तुज्या म्हाताऱ्याला लाव." दोघी पोट धरून हसल्या, आणि काकीच्या मनगटावर घुंगरं वाजायला लागली. ॲपवर माझीच ओळ आली, 'खोल श्वास घ्या. तुम्ही एकट्या नाही आहात.' मासळी बाजारात खोल श्वास! ज्यानं घेतलाय त्यालाच विचारा.

"हे नेहमीचं बोलणं आहे," मी दादाला सांगितलं. "लाल व्हायची मर्यादा वर न्या."

"नाही, नाही. हा दडपलेला ताण आहे. त्यांना कळत नाहीये की त्या दुःखी आहेत."

त्यावर त्यानं उपाय काढला. घुंगरं चुकीची होती, म्हणे. त्या बायकांना त्यांच्याच गावाचा आवाज हवा. एक सगळ्यांचा, सामाईक. तो मिळाला की बघ कशा शांत होतात.

आवाज शोधायला आम्ही आमच्याच घरी बसलो. दादा खाली सतरंजीवर मांडी घालून बसला, त्याची अडचण होत होती पण खुर्ची त्यानं नाकारली. आई, काकी आणि शेजारच्या दोघी-चौघी भिंतीला टेकून. रेकॉर्डिंगचं यंत्र मधे. दादानं विचारलं, "गावाची आठवण आली की पहिला आवाज कोणता येतो कानात?"

एकीनं भरतीचं पाणी सांगितलं, दुसरी म्हणाली देवळाची घंटा. काकीनं दोघींना उडवून लावलं. "घंटा काय, सगल्याच गावांना असते. डबा! डबा सांगा गो त्याला."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

डबा म्हणजे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. आमची शेती खारीची. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून चिखलाचा बांध घातलेला. उधाणाला कधी कधी बांध फुटायचा. फुटला त्या जागेला खांड म्हणतात. खांड पहिल्यांदा जो बघेल त्यानं डबा बडवायचा. तो ऐकला की हातातलं टाकायचं आणि धावायचं, घरात कुणी आजारी असो की पाहुणे असोत. धावायचं, चिखलाचे गोळे हातोहात पुढं द्यायचे आणि पाणी आत शिरायच्या आधी खांड बुजवायची. एकदा का खारं पाणी भातात गेलं, तर त्या जमिनीत पुढची सालं गवतही धड येत नाही.

"मी नवी नवरी," आई सांगत होती. "हातावरची हलद उतरली नव्हती. कोन कुठला मना ठाव नाय. डबा वाजला. सासूबाय बोलली, चल गो. कंबरेएवढ्या चिखलात उभी केली मना. सगल्या गावाशी वलख माजी तिथं झाली, चिखलात. मांडवात नाय झाली."

बोलता बोलता ती उठली, स्वयंपाकघरातून खरा डबा घेऊन आली. तांदूळ ठेवायची त्यात. तांदूळ पातेल्यात ओतले आणि लाटण्यानं डबा बडवला. तीन घाई, एक थांबा. तीन घाई, एक थांबा. घर घुमलं. शेजारचा एक म्हातारा खरंच दारात येऊन उभा राहिला, "कुठं गेली खांड?"

दादाच्या डोळ्यांत पाणी. "काय बीट आहे! एकदम ट्रायबल!"

मी त्याला तिथंच, त्याच सतरंजीवर सांगितलं, "दादा, हा धोक्याचा इशारा आहे. हा ऐकून माणूस शांत होत नाही, धावतो."

"हो गं, पण आता धोका कुठंय? खाडी गेली, बांध गेला. आता उरली फक्त आठवण. आणि आठवणीला दात नसतात."

हे वाक्य त्यानं दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवर लिहून घेतलं.

आवाज सगळ्या पट्ट्यांत भरला गेला, तो चालू मात्र एखाद्या मोठ्या कार्यक्रमात करायचा होता. आणि त्याच आठवड्यात दादानं मला आत बोलावून मोठी बातमी दिली. कंपनी वसाहतीत एक 'आठवण केंद्र' बांधणार. काचेचं, वातानुकूलित. आत भल्या मोठ्या पडद्यावर आमच्या जुन्या गावची होळी अखंड पेटत राहणार. वासासकट. कचेरीला कल्पना आवडली होती, जागाही दाखवून झाली होती. देवळासमोरचा मोकळा तुकडा. सार्वजनिक उपयोग.

मी विचारलं, "खरी होळी कुठं पेटवायची?"

"अगं, पण हीच खरी. तुमच्या जुन्या गावची. बाराही महिने. आणि धूर नाही!" त्याला माझं तोंड बघून खरोखर वाईट वाटलं असावं. "गावकीची संमती घेतोय ना आम्ही. जबरदस्ती कुठंय? सभा लावलीय माळावरच. तू त्यासाठी एक छान पॅम्फ्लेट लिहून दे. तुझ्या स्टाइलमध्ये."

मी लिहिलं. माझ्याच स्टाइलमध्ये. 'बंधुभगिनींनो, तुमची होळी यापुढे काचेत पेटेल. तिला झाड लागणार नाही, नारळ लागणार नाही आणि तुम्हीही लागणार नाही. तुम्ही तिकीट काढून आत या, तुमचं गाव पाहा, डोळे पुसा आणि बाहेर पडा. बाहेर पडल्यावर उभं राहायला मात्र जागा विचारू नका.'

वाटलं, हे वाचून तो मला काढून टाकेल. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "डोळे पुसा... काय टच आहे!" आणि ते छापून घरोघर वाटलं.

आईनं ते माझ्यासमोर धरलं. तिला वाचता येतं, पण तिनं मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "बराबर लिवलंस. पन ह्याच्यावर सही कंपनीची हाय. म्हंजे ह्या त्यांचा विचार हाय का तुजा?" मी पत्रकाची घडी घातली. "बरं," ती म्हणाली, "सभेला मी बोलीन."

सभा होळीच्या आधी थोडे दिवस होती. माळावर मांडव, खुर्च्या, पडदा. मधोमध भूमिपूजनासाठी खड्डा आधीच खणून ठेवलेला, कडेला मातीचा ढीग आणि टिकावाला बांधलेली लाल फीत. संमती अजून मिळाली नव्हती, पण खड्डा तयार होता. कचेरीचे साहेब पहिल्या रांगेत. कंपनीची मुलं दारात उभी राहून प्रत्येक बाईच्या मनगटावरचा पट्टा तपासत होती, चार्ज आहे ना, डबा चालू आहे ना. दादानं साहेबांना हसत सांगितलेलं मी ऐकलं, "काळजी करू नका. मीटिंग तापली तर पट्टे आहेतच."

गावकीचे मुख्य पंच आमचे मामा, आईचे सख्खे भाऊ; तिचं माहेरचं गावही उठून याच वसाहतीत आलेलं, गावकी आता एकच. बरेच दिवस दोन्ही बाजूंनी बोलून थकलेले. कंपनीनं हॉलचं आश्वासन दिलं होतं, पोरांना आत वॉचमनची नोकरी. मामा आईला बाजूला घेऊन म्हणाले, "ताये, काय तरी मिलतंय तर घेऊया. नायतर तुकडा पडून राहील, नि कोन तरी तिकरं गाड्या लावील."

"आपल्या पोरांना आपल्याच होलीचा वॉचमन बनवतोस?" आई म्हणाली. मामा माईकपाशी जाऊन उभे राहिले. संमती विचारायची त्यांनाच होती.

पडद्यावर होळी पेटली. संगणकानं केलेली. तिच्याभोवती फिरणाऱ्या बायकांना नऊवारी नेसवलेली आणि नथी घातलेल्या. काकी माझ्या कानात म्हणाली, "ह्या कोनच्या गावच्या गो? आमी तर होलीला जुनीच सारी नेसतो. नवी जलाली म्हंजे?" दादा बोलला. वारसा, भावनिक आरोग्य, पुढची पिढी. मामांनी माईक हातात घेतला. "तर मग गावकीची..."

आई उठली. "मना बोलायचाय."

ती घाबरली होती. मामांनी माईक तिच्या हातात दिला, पण माईकवर ती आयुष्यात बोललेली नव्हती. "ही देवी..." एवढंच म्हणाली, आणि तिच्या मनगटावर लाल दिवा लागला. थरथर. आणि डबा. तीन घाई, एक थांबा. माईक हातात, त्यामुळे तो कर्ण्यातून सगळ्या वसाहतीत गेला.

पुढच्या रांगेतल्या बायकांची अंगं ताठ झाली. नाड्या वाढल्या, म्हणून त्यांचे पट्टे वाजले. ते ऐकून मागच्यांच्या वाढल्या, त्यांचेही वाजले. पट्ट्याला एकच गोष्ट येत होती, नाडी वाढली की डबा वाजव. आणि डबा वाजला की आमच्या बायकांची नाडी वाढते, हे मी सतरंजीवर बसून सांगितलं होतं. आता सगळा मांडव डबा बडवत होता. वरून विमान गेलं, तेही ऐकू आलं नाही. दादा फोनवर बोटं आपटत होता. "बंद करा! सर्व्हरवरून बंद करा!" कंपनीची मुलं म्हणत होती, मावशी, श्वास घ्या, श्वास घ्या.

काकीनं पदर खोचला. "कुठंय खांड?"

कुणीतरी खड्ड्याकडं बोट केलं.

मी वाचणाऱ्यांना शपथेवर सांगते, कुणी घोषणा दिली नाही. मी देणार होते, तोंड उघडलंही होतं, पण मला कुणी विचारलं नाही. बायकांची रांग लागली. मातीच्या ढिगापासून खड्ड्यापर्यंत, हातोहात. त्यांना कुठं उभं राहायचं ते माहीत होतं, कुणाच्या उजवीकडं कोण तेही. कचेरीच्या साहेबांची खुर्ची मधे येत होती. काकी म्हणाली, "साहेब, पाय वर घ्या नायतर रांगेत या," आणि साहेबांनी पाय वर घेतले. म्हातारे उठले. शेवटी मामा, आईनं परत दिलेला माईक खुर्चीवर ठेवून, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करत आले आणि आपल्या बहिणीच्या पलीकडं उभे राहिले.

अर्धा खड्डा भरला तेव्हा आईनं हात वर केला. "थांबा, थांबा! सगला नका बुजवू."

"का गो?"

"होलीचा झाड कुठं रवशील? तुज्या डोक्यात?"

हशा पिकला. डबे अजून वाजतच होते. खड्ड्याचं तोंड लहान केलं, कडा पायानं दाबून बसवल्या, मधे झाडाच्या खोडापुरती जागा ठेवली. काकीनं मांडवाचा एक बांबू उपटून तिथं उभा केला, खूण म्हणून. लाल फीत सोडून त्यालाच बांधली.

मामा परत माईकपाशी गेले. हात मातीनं भरलेले, माईक दोन बोटांत धरला. "सभा झाली," म्हणाले. "संमती नाय."

दादा माझ्याकडं आला. रागावला नव्हता, दुखावला होता. "आम्ही तुमच्या आठवणी जपायला आलो होतो गं."

"आठवणी आमच्या जपलेल्या आहेत," मी म्हटलं. "तुम्ही माळ तेवढा सोडा."

माझी नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. कारण दिलं ते मी लिहिलेलं पत्रक. त्यात नकारात्मक सूर आहे, हे त्यांना आता दिसलं.

होळी तिथंच पेटली, त्यांच्याच खड्ड्यात. झाड उंच मिळालं. बायकांनी जुन्याच साड्या नेसल्या होत्या. चार्जिंग कोण करतो, म्हणून पट्टे बहुतेकींचे बंद पडले होते. एकट्या काकीचा चालू. बोंबा सुरू झाल्यावर तिचा डबा वाजायला लागला, तेव्हा तिनं पट्टा काढून चोळीत खुपसला आणि बोंब मारतच राहिली. दादाचा मला मेसेज आला होता, कुणी व्हिडिओ काढेल का, फक्त रेफरन्ससाठी. मी लिहिलं, नारळ घेऊन या आणि स्वतः बघा. तो आला नाही.

हे वाचून कुणी टाळ्या वाजवू नका. नकाशावर तो तुकडा अजून 'सार्वजनिक उपयोग'च आहे. कचेरीनं पुढची सभा लावली आहे. या वेळी म्हणे ध्यानमंदिर. आईनं तांदूळ परत डब्यात भरलेले नाहीत, डबा दाराशी रिकामा ठेवलाय. आणि मला पत्रक लिहायला बसवलंय. मी पहिली ओळ लिहून तिला वाचून दाखवली, चिरनेरच्या हुतात्म्यांना वंदन करून.

"त्यांना वंदन हायच," ती म्हणाली. "पन दर टायमाला तिकरून चालत येतंस नि माळापर्यंत पोचंतवर कागद संपतो. ह्या टायमाला माळापासनं सुरू कर."

मी ती ओळ खोडली. आता लिहिलंय, 'देवीला इकडं आणलीत. तिचं अंगण कुठं आहे?' पुढचं आई सांगते आहे, मी लिहिते आहे.